भित्र्या किशोरीचा वायरलेस

किशोरी कुबल भित्री आहे, हे मी आधीच सांगून टाकतो. मागाहून सांगितलं की माणसं उगाच हळहळतात, आणि मला ते बघवत नाही.

भित्री म्हणजे अगदी अस्सल. एसटीत कंडक्टरने सुटे मागितले तरी ही गोरीमोरी होते. ओरोसला कचेरीत एकदा दाखला आणायला गेली, तर साहेबाने नाव विचारल्यावर हिने घाबरून बापाचं सांगितलं. तिची आई सावित्री सगळ्या वाडीत सांगत फिरायची, "ह्या चेडू पोटात आसतानाच भियाला आसतला, म्हणान सातव्याच म्हयन्यात भायर इला!"

पण ह्या झाल्या वरवरच्या भीत्या. मुळातली भीती एकच. किशोरी नऊ वर्षांची असताना तिचा बाप सकाळी होडी घेऊन गेला तो दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर परतला. इंजिन बिघडलं होतं, बाकी काही नाही. आला, पेज प्याला, झोपला. सगळे विसरले. किशोरी विसरली नाही. मालवणच्या किनाऱ्यावर उभं राहून आईने मारलेल्या हाका आणि त्यावर समुद्राने न दिलेली ओ तिच्या अंगात जाऊन बसली. समुद्राच्या लाटांना ती भीत नाही, वादळालाही फारशी नाही. हाक मारावी आणि ओ येऊ नये, एवढ्यानेच तिचं काळीज तोंडात येतं. अजूनही भाऊ मोरीत असला आणि दोन हाकांना बोलला नाही, तर ही दार बडवते.

म्हणूनच ती वायरलेसच्या धंद्यात शिरली. आयटीआय केलं, कुडाळच्या एमआयडीसीत सर्किटं जोडायच्या कामाला लागली, आणि तिसाव्या वर्षी कंपनीने तिला रेडिओ-फ्रिक्वेन्सी सर्किटं आखण्याच्या सहा महिन्यांच्या प्रशिक्षणाला घातलं. दर शनिवार-रविवार. वर्गात चौदा जण, तेरा पदवीवाले इंजिनियर आणि चौदावी ही. पहिल्या दिवशी फळ्यावर गोलात गोल अशा रेघांचा एक तक्ता लावलेला बघून तिचे हातपाय गार पडले. चहाच्या सुट्टीत ती पिशवी उचलून स्टँडवर पोचलीसुद्धा होती. मालवणची गाडी चुकली म्हणून परत आली, आणि त्याच दिवशी तिच्या ध्यानात आलं की तो तक्ता म्हणजे एक जाळंच आहे. कुठल्या आसात, म्हणजे भोकात, गाठ बसते ते कळलं की बाकीचं हाताला कळतं. जाळी विणणाऱ्या घरातली पोर ती. महिन्याभरात ते तेरा इंजिनियर हिच्या वहीत डोकावायला लागले.

शिकवायला वेंगुर्ल्याचे एल्रॉय सर. तीस वर्षं जहाजांवरच्या वायरलेसमध्ये काढलेला माणूस, पांढऱ्या भुवया, आवाज असा की खिडकीची काच हलावी. किशोरी त्यांना एवढी भ्यायची की शंका चिठ्ठीवर लिहून टेबलावर ठेवायची. सरांचा एक नियम होता आणि तो ते आरतीसारखा रोज म्हणायचे: "सेटच्या तोंडाशी काही लावल्याशिवाय बोलायचं बटण दाबायचं नाही! लाटेला किनारा पाहिजे. अँटेना हा तिचा किनारा. किनारा नसेल तर लाट परत फिरते आणि जिने पाठवली त्या ट्रान्झिस्टरलाच खाते." अँटेना जवळ नसेल तर डमी लावायची. डमी म्हणजे मुठीएवढा धातूचा तुकडा, खोटी अँटेना. ती शक्ती गिळते आणि नुसती तापते. प्रत्येकाने आपली डमी कायम पिशवीत ठेवायची, हाही नियमच.

एकदा सरांनी मुद्दाम एक सेट तसा जाळून दाखवला. दहा सेकंदांत खलास. मग मीटर लावून म्हणाले, "हा मेला. पण बघा, मेलेल्यातूनही थोडं झिरपतं. सुईच्या टोकाएवढं. आणि ऐकायचं काम वेगळ्या भागाचं, ते शाबूत. म्हणजे ह्याला सगळं ऐकू येतं, बोलता मात्र येत नाही." बाकीच्यांनी ते वहीत उतरवलं. किशोरीच्या अंगावर काटा आला. तिच्या नऊ वर्षांच्या भीतीला कुणीतरी मीटर लावल्यासारखं झालं.

प्रशिक्षणाच्या शेवटी प्रत्येकाने एक काम करून दाखवायचं होतं. किशोरीने दोन घेतली. एक, अ‍ॅल्युमिनियमच्या नळ्यांची अँटेना, जिकडे वळवाल तिकडचंच नेमकं ऐकणारी. दिसायला माशाच्या काट्यासारखी, म्हणून आईने तिचं नाव ठेवलं 'बांगड्याचो काटो'. आणि दुसरं काम म्हणजे लवूचा सेट. लवू तिचा थोरला भाऊ. बाप दुखण्याने गेल्यावर होडी त्याने घेतली. त्याच्या सेटमधला शेवटचा, आवाज लांब फेकणारा ट्रान्झिस्टर कुजला होता, आणि तसला आता कुठे मिळत नाही. दुसरा मिळतो, पण त्या जागी सरळ बसत नाही. त्याच्याभोवतीचं सर्किट नव्याने आखावं लागतं. ते तिने आखलं. सहा आठवडे आखलं. एल्रॉय सरांनी मोजून पाहिलं, भुवया वर केल्या आणि "बरो केलंस गो," असं मालवणीत म्हणाले. सर मालवणीत बोलले म्हणजे पदकच की हो!

इथपर्यंत सगळं गोड आहे. आता नारळी पौर्णिमा येते.

कुबलांच्या वाडीत गेली दहा-बारा वर्षं एक पद्धत पडली आहे. पावसाळ्यातल्या मासेमारी-बंदीनंतर होडी पहिल्यांदा दर्यावर जायच्या आधी तिच्या सेटवरून पहिला शब्द देवाचा गेला पाहिजे. घरातला वडील माणूस माईक हातात घेतो, बटण दाबून धरतो आणि गाऱ्हाणं घालतो. आजूबाजूच्या होड्यांवर ज्याचा सेट चालू असेल तो "व्हय म्हाराजा" म्हणतो. हे होतं होडीवर, अँटेना लावून. पण त्या वर्षी सावित्रीबाईंना लेकीचा कोण अभिमान! "माझ्या चेडवान केल्लो सेट, तो पयलो माझ्या देवाम्होरे बसतलो," म्हणून त्यांनी तो घरी आणवला. देवघरापुढे पाट, पाटावर सेट, शेजारी होडीची बॅटरी. सेटला हळदकुंकू, माईकवर जास्वंद. अँटेना? ती माळ्यावर गोणपाटात गुंडाळलेली.

घर माणसांनी भरलं होतं. चुलता धोंडूकाका, त्याचीही होडी लवूच्या होडीला लागूनच असते, सोवळं नेसून पुढे झाला. त्याने माईक उचलला. किशोरी दाराच्या चौकटीला धरून उभी होती आणि तिची पिशवी तिथेच डोक्यावर खुंटीला होती. पिशवीत डमी. हात वर करायचा, तुकडा काढायचा, सेटच्या पाठीमागे दोन आटे फिरवायचे. अर्ध्या मिनिटाचं काम.

"बा देवा रामेश्वरा, म्हाराजा!" धोंडूकाकाने सुरुवात केली आणि बटण दाबलं. सेटवरचा लाल दिवा लागला.

"व्हय म्हाराजा!" घर म्हणालं.

किशोरीची दातखीळ बसली. गाऱ्हाणं मध्ये तोडायचं? काकाला थांबवायचं, देवासमोर, एवढ्या माणसांत? पहिल्याच शब्दाला अपशकुन केला म्हणून जन्मभर ऐकून घ्यावं लागलं असतं. तिने मनातल्या मनात सेकंद मोजायला घेतले. दहा झाले. वीस झाले.

"आता तुझो लेकरू लवू दर्यार जातलो, तेच्या जाळ्याक मासळी गावांदे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"वाटेत काय आडखळ इली, तर ती तू दूर कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आणि सांगायला लाज वाटते, पण सगळ्यांच्या बरोबर किशोरीही म्हणाली, व्हय म्हाराजा. धोंडूकाकाने मुंबईच्या पुतण्यांपासून गोठ्यातल्या म्हशीपर्यंत कुणाला सोडलं नाही. चार मिनिटं लाल दिवा जळत होता.

माणसं पांगल्यावर तिने सेटच्या पाठीला हात लावला आणि चटकन काढला. तापलेला. सगळेच सेट तापतात, असं ती स्वतःला म्हणाली. एवढ्यात आईने खोबऱ्याचा तुकडा हातावर ठेवला, "खा गो, तुझ्यामुळे आज देवाक शब्द पोचलो." आता ह्यावर काय बोलणार, कपाळ?

दुसऱ्या दिवशी कुडाळला तिची तोंडी परीक्षा. सकाळच्या गाडीतून तिने लवूला फोन केला. "दादा, अँटेना लावलंस? बोलान बघितलंस?"

"बघितलंय तर! धोंडूकाकाच्या होडयेर एकदम स्पष्ट आयकाक ग्येला. उगाच जीव खाव नको."

काकाची होडी तीस फुटांवर. तीस फुटांवर मेलेला सेटही स्पष्टच ऐकू येतो. झिरपणारं तेवढं पुरतं. हे वाडीत एकट्या किशोरीला माहीत होतं. तरीही तिने ते उत्तर घट्ट धरून ठेवलं. घाबरलेल्या माणसाला धीर कुठलाही चालतो, खोटासुद्धा.

परीक्षेत एल्रॉय सरांनी पहिलाच प्रश्न विचारला, "बटण दाबण्याआधी काय बघाल?" तिने खाली मान घालून उत्तर दिलं. बाहेरून आलेले परीक्षक म्हणाले, वा. तिचे कान पेटले होते.

तिसऱ्या दिवशी, रविवारी, लवू दोन खलाशी घेऊन पहाटे गेला. जाताना आचऱ्याच्या बाजूला जातो म्हणाला. नऊ वाजता वारा फिरला. अकरापर्यंत एकेक होडी जेटीला आली, बारापर्यंत सगळ्या आल्या, लवूची आली नाही. मोबाईल लागेना. जेटीजवळच्या मच्छीमार सोसायटीच्या खोलीत सेट आहे, तिथे माणसं जमली. धोंडूकाका माईक घेऊन हाका मारत होता, "लवू, लवू, लवू, खंय आसस?" आणि सेट गप्प. किशोरी कोपऱ्यात स्टुलावर बसली होती. शेजारी सावित्रीबाई.

सरकारी माणसांना कळवलं होतं. दोन होड्या आचऱ्याकडे शोधायला गेल्या होत्या. साडेबाराला त्यांचा निरोप आला, काही दिसत नाही, पाणी उसळलंय.

धोंडूकाकाने माईक खाली ठेवला. "सेट तर चेडवान नवो केल्लो," तो हळू म्हणाला. "तो बोलत नाय म्हणजे..." पुढचं तो बोलला नाही. खोलीतल्या सगळ्यांनी ते ऐकलं. सावित्रीबाईंनी पदर तोंडात धरला.

आता बघा हं. खोलीत पंधरा माणसं, आणि त्यातल्या चौदांच्या मनात लवू बुडाला होता. पंधरावीला माहीत होतं की कदाचित तो ऐकतोय. ही सगळी हाक त्याला पोचतेय, तो बटण दाबदाबून घसा फोडून बोलतोय, आणि इकडे त्याची ओ येत नाही. पण हे सांगायचं तर तेही सांगावं लागणार होतं. आपल्याला ठाऊक असताना आपण गप्प बसलो, ते. ती उठली ती स्टूल आडवं पाडूनच. सगळे वळले.

"काका," ती पुटपुटली. मग मोठ्याने म्हणाली, "काका, तो सेट जळलो आसतलो. म्हणान दादा गप आसा. तुमी गाऱ्हाणा घातलात तेवा अँटेना नाय होती. तेवाच जळलो. माका म्हायत होता. मी बोलूक नाय."



"कित्या बोलूक नाय?" धोंडूकाकाने विचारलं.

"भियालंय."

"कोणाक?"

"तुमका."

धोंडूकाकाचा चेहरा असा झाला की कुणी थोबाडीत मारली असती तर बरं, असं वाटावं. तो काही बोलण्याआधी सावित्रीबाई उठल्या. लेकीकडे त्यांनी बघितलंही नाही. "ता मागीर," त्या म्हणाल्या. "आता काय करूचा, ता सांग."

"माझो काटो," किशोरी म्हणाली. "बांगड्याचो काटो घेवन येवा."

काटा आला. सोसायटीच्या गच्चीवर एका खलाश्याने तो धरला, वायर खिडकीतून खाली सेटला जोडली. किशोरीने पहिल्यांदा जोड हाताने चाचपून पाहिला, मग आणखी एकदा. आणि मग आवाज गाळणारी सेटची कळ तिने पूर्ण उलटी फिरवली. ही कळ बारीकसारीक खरखर आत येऊ देत नाही; बारीकसारीक हाकही येऊ देत नाही. खोलीत सूंऽऽ असा मोठा आवाज भरला. "सगळ्यांका सांगा, कोणी सेटार बोलू नको," ती म्हणाली, आणि दर्यावरच्या होड्यांना तसा निरोप गेला. भित्र्या किशोरीने मालवणचा दर्या गप्प केला, पण तेव्हा हे कुणाच्या ध्यानात आलं नाही, तिच्याही नाही.

तिने माईक घेतला.

"दादा, मी किशोरी. तू बोलू नको, तुझो आवाज येवचो नाय. नुसता बटण दाब. व्हय आसात तर एकदा, नाय आसात तर दोनदा. दादा, माका आयकतंस?"

सूंऽऽ. नुसतंच सूंऽऽ. वरच्या माणसाने काटा आचऱ्याकडून हळूहळू फिरवायला सुरुवात केली. तिने परत विचारलं. परत सूंऽऽ. ती नऊ वर्षांची झाली, किनाऱ्यावर उभी राहिली, आणि तिला वाटलं आता आपण इथेच पडणार. काटा पश्चिमेकडून सरकत दक्षिणेला, निवतीच्या बाजूला आला. तिने तिसऱ्यांदा विचारलं.

सूंऽऽ थांबलं. क्षणभर, कुणी तोंडावर हात ठेवावा तसं, आणि परत सुरू झालं.

"हां! थंयच धरा!" किशोरी किंचाळली. पुन्हा विचारलं, पुन्हा तसंच थांबलं. शब्द नाही, हूं नाही, तिकडे बटण दाबलं की इकडे फक्त खरखर थांबते. मेलेल्या सेटमधून झिरपलेलं सुईचं टोक ते.

पुढचा तासभर तिने फक्त प्रश्न विचारले, आणि खोलीतल्या माणसांनी श्वास धरून त्या खरखरीकडे कान लावले. तिघंय बरे आसात? एकदा. इंजिन बंद? एकदा. पंख्यात जाळा अडाकला? एकदा. आचरा सोडून निवतीक ग्येलंस? एकदा. निवतीचा दीपगृह दिसता? एकदा. नांगर धरता? दोनदा. खोलीत कुणीतरी "आवशीचो घो!" म्हणालं. निवतीच्या खडकांजवळ नांगर न धरणारी होडी म्हणजे काय, ते इथे शेंबड्या पोरालाही सांगावं लागत नाही.

धोंडूकाका तोवर बाहेर पडला होता. त्याची होडी आणि आणखी एक, दोन्ही निवतीकडे सुटल्या. आचऱ्याकडे शोधणाऱ्यांनाही वळवलं. किशोरी सेटपुढून हलली नाही. "दादा, आसस?" दर दोन मिनिटांनी एवढंच. ओ बारीक होत चालली होती. होडीची बॅटरी उतरत होती की होडी खडकाआड जात होती, तिला कळेना, आणि दोन्हींपैकी काय बरं हेही कळेना. दोन वाजून दहा मिनिटांनी विचारलं तेव्हा खरखर थांबली की थांबल्यासारखी वाटली, हे तिला शपथेवर सांगता आलं नसतं. पावणेतीनला काहीच आलं नाही. तिने परत विचारलं. काहीच नाही. आईने मागून तिच्या डोक्यावर हात ठेवला. तो तिने तसाच राहू दिला.

तीन वाजून गेल्यावर सेट एकदम गरजला. धोंडूकाका होता. "गावले! तिघंय गावले! दोर टाकलो! खडकाआड होते, आपटूक शंभर हात ऱ्हवले होते गो बाये!"

खोलीत जो गलका झाला तो झाला. माणसं रडली, एकमेकांच्या पाठी बडवल्या. किशोरी मात्र टेबलावर डोकं ठेवून बसली. तिची भीती काही गेली नव्हती. उलट आता सगळं संपल्यावर ती पुरती अंगात आली होती, आणि ती हुंदके देत होती.

थोड्या वेळाने गलका निवला. सावित्रीबाई सेटजवळ आल्या. त्यांनी माईक उचलला. आयुष्यात कधी त्यांनी गाऱ्हाणं घातलं नव्हतं, ते पुरुषांचं काम. अंगठा बटणावर ठेवला आणि थांबल्या. लेकीकडे बघितलं, त्या दुपारी पहिल्यांदाच.

"दाबू काय गो?"

किशोरीने डोळे पुसले. हात सेटच्या मागे नेला, जोड चाचपला. खिडकीतून वाकून वायर वरपर्यंत आहे ना ते बघितलं.

"आता दाब," ती म्हणाली.

"बा देवा म्हाराजा," सावित्रीबाई म्हणाल्या, "माझ्या झिलाक, लवूक, घराक हाड. आणि माझ्या चेडवाक भंय वाटला, तर ता बोलान दाखवची बुद्धी दी रे म्हाराजा."

त्यांनी बटण सोडलं. खोलीत कुणीच व्हय म्हाराजा म्हणालं नाही, कारण किशोरीने हात वर केला होता. सगळे सेटकडे बघत राहिले.

सूंऽऽ चालू होतं. मग ते एकदा थांबलं.